झोपलेल्या कोअरला उठवायचं कोणी: विश्वामित्रीकाठच्या पाणीपातळी यंत्राचं प्रकरण

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतलं एक लहान इलेक्ट्रॉनिक्स युनिट नदीची पाणीपातळी मोजून मोबाईल नेटवर्कवरून पाठवणारी यंत्रं बनवतं. पुलाच्या कठड्याखाली रडार सेन्सर, खांबावर ४० वॅटचं सोलर पॅनेल, डब्यात १२ व्होल्ट १८ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, चार कोअरचा (प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे चार भाग असलेला) आर्म कॉर्टेक्स-ए५३ बोर्ड, त्यावर लिनक्स आणि यूएसबीला ४जी मोडेम. चार कोअर लागतात ते कॅमेऱ्यासाठी: दर १५ मिनिटांनी पातळीपट्टीचा फोटो निघतो आणि तो जागच्या जागी वाचला जातो. ते काम काही सेकंदांत उरकतं. बाकी वेळ प्रोसेसरला जवळजवळ काहीच काम नसतं.

अट एकच, पण कडक होती. सलग पाच दिवस ऊन पडलं नाही तरी यंत्र चालू राहिलं पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. ज्या दिवसांत पातळीचा आकडा सर्वांत जास्त हवा असतो, नेमके तेच दिवस सोलर पॅनेलसाठी वाईट असतात. त्यात नदीत मगरी. पाणी चढलेलं असताना बॅटरी बदलायला माणूस काठावर उतरवायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलेलं होतं आणि ते योग्यच होतं.

हिशेब साधा आहे. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते; ६० टक्के वापरायची ठरवली तर सुमारे १३० वॅट-अवर हातात येतात. पाच दिवसांचे १२० तास, म्हणून सरासरी १.०८ वॅटच्या आत बसायला हवं. यंत्र प्रत्यक्षात १.९ वॅट घेत होतं. म्हणजे ६८ तास, तीन दिवसही पुरे नाहीत.

वीज जाते कुठे

बॅटरीच्या तारेत ०.१ ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रोधक) टाकून ऑसिलोस्कोपवर पाहिलं की सरासरी आकड्यामागचं चित्र दिसतं. १.९ वॅटला साधारण १५८ मिलिअँपिअर, शंटवर १५.८ मिलिव्होल्ट. मोडेम, सेन्सर, रॅम आणि रेग्युलेटरचा तोटा मिळून ०.७५ वॅट होत होते. उरलेले १.१५ वॅट प्रोसेसरच्या क्लस्टरचे, म्हणजे चार कोअरांच्या गटाचे. काहीच न करणाऱ्या प्रोसेसरनं एवढं खायचं कारण नव्हतं. स्कोपवर करंट खाली जायचा, तळाला टेकायच्या आतच पुन्हा उसळायचा, आणि हे सेकंदाला कित्येकदा.

या चिपला झोपेच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली नुसती डब्ल्यूएफआय (‘इंटरप्टची वाट पाहा’ ही सूचना; इंटरप्ट म्हणजे लक्ष वेधायला कोअरला दिलेला इशारा): क्लॉक थांबतो, वीज चालू राहते. दुसरी कोअर-स्लीप, ज्यात त्या कोअरची वीजच तोडली जाते: आत जायला ७०० मायक्रोसेकंद, बाहेर यायला २५०, आणि फायदा व्हायचा तर निदान १००० मायक्रोसेकंद झोपायला हवं. तिसरी क्लस्टर-स्लीप: आत १०००, बाहेर ७००, किमान मुक्काम २७००. तिसरीत एल२ कॅशसकट (कोअरांच्या सामाईक जलद मेमरीसकट) सगळा क्लस्टर बंद होतो. खरी बचत तिथेच आहे, पण त्या पायरीला चारही कोअर एकाच वेळी खाली असावे लागतात. एक जरी जागा असला तरी क्लस्टर जागा.

इथे मोजमापातली एक फसगत सांगायलाच हवी. लिनक्समधल्या सीपीयू-आयडल या झोप सांभाळणाऱ्या भागाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक पायरीचे ‘यूसेज’ आणि ‘टाइम’ असे आकडे मिळतात. ६० सेकंदांत शून्य नंबरच्या कोअरनं क्लस्टर-स्लीपमध्ये ३८ सेकंद काढल्याचं तिथे दिसत होतं आणि युनिटमधले लोक त्यावर समाधानी होते. हा आकडा कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) काय मागितलं ते सांगतो, हार्डवेअरनं काय दिलं ते नाही. पीएससीआय म्हणजे कर्नलनं फर्मवेअरकडे कोअरची वीज चालू-बंद करून मागायची आर्मची ठरलेली रीत; तिच्या प्लॅटफॉर्म-कोऑर्डिनेटेड पद्धतीत प्रत्येक कोअर आपल्यापुरती क्लस्टर-स्लीप मागतो. बाकीचे जागे असतील तर फर्मवेअर (कर्नलच्या खालचं, चिपजवळचं सॉफ्टवेअर) ती मागणी गुपचूप कोअर-स्लीपवर उतरवतं. खरा आकडा हवा तर हे फर्मवेअर, म्हणजे ट्रस्टेड फर्मवेअर-ए, ‘एनेबल पीएससीआय स्टॅट’ हा पर्याय चालू करून बांधायचं आणि छोट्या कर्नल मॉड्यूलमधून पीएससीआय स्टॅट रेसिडन्सी (किती वेळ) आणि स्टॅट काउंट (किती वेळा) ही दोन फंक्शनं विचारायची. तसं विचारल्यावर उत्तर आलं: ६० सेकंदांत क्लस्टर खरोखर बंद होता फक्त ५ सेकंद.

मास्क केलेला इंटरप्टसुद्धा उठवतो

पुढं जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. आर्म कोअरच्या स्थिती-रजिस्टरमधला आय बिट लावला की आयआरक्यू (नेहमीचा इंटरप्ट) मास्क होतो, म्हणजे झाकला जातो आणि तो हाताळणारा कोड, हँडलर, धावत नाही. पण डब्ल्यूएफआयमध्ये असलेला कोअर पेंडिंग (आलेला पण अजून न हाताळलेला) आयआरक्यू आल्यावर उठतोच, आय बिट काहीही असो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. आयडल लूप (काम नसताना फिरणारा कर्नलचा कोड) आधी इंटरप्ट बंद करतं, मग करायला काम उरलंय का ते तपासतं, मग डब्ल्यूएफआय करतं. तपासणी आणि झोप यांच्या फटीत इंटरप्ट आला आणि तिथेच हाताळला गेला, तर कोअर काम असूनही झोपी जाईल. बिट लावलेला असल्यामुळे तो इंटरप्ट पेंडिंग राहतो आणि डब्ल्यूएफआय लगेच सुटतं.

म्हणून झोपेतल्या कोअरला त्रास होऊ नये असं वाटत असेल तर कोअरमधला मास्क उपयोगाचा नाही. तो इंटरप्ट त्या कोअरपर्यंत पोचूच नये, ही व्यवस्था बाहेर करावी लागते आणि ती दोन जागी होते. पहिली जागा इंटरप्ट कंट्रोलर, इथे जीआयसी-४००: कुठला इंटरप्ट कुठल्या कोअरकडे, ते टार्गेट रजिस्टर ठरवतं. दुसरी जागा पॉवर कंट्रोलर, म्हणजे कोअरांची वीज जोडणारा-तोडणारा भाग. वीज तोडलेल्या कोअरला स्वतःहून उठता येत नाही. फर्मवेअर कोअर बंद करण्याआधी त्याचा सीपीयू इंटरफेस (जीआयसीचा त्या कोअरकडचा दरवाजा) बंद करतं, आणि जीआयसीची वेकअपची स्वतंत्र लाइन पॉवर कंट्रोलरला सांगते की या कोअरसाठी काही आलंय, वीज दे. पॉवर कंट्रोलरमध्येही मास्क असतात. या दोन याद्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. या प्रकरणात पहिली यादी चुकीची होती, आणि ती तशीच ठेवून दुसरीवर हात चालवला गेला.

एका रीडिंगमागे तीन कोअर

बोर्डाचं सॉफ्टवेअर आधीच्या एका राऊटर-उत्पादनातून आलं होतं. त्यातली बूट-स्क्रिप्ट इंटरप्ट चार कोअरांवर वाटून द्यायची: यूएसबी होस्ट एक नंबरला, सेन्सरचा यूआर्ट (सीरियल पोर्ट) दोनला, एमएमसी (साठवणूक) तीनला. राऊटरला ते शोभतं, कारण तिथे कोअर झोपतच नाहीत आणि वेग हवा असतो. इथे तीच वाटणी घातक ठरली. ‘प्रॉक’मधल्या ‘इंटरप्ट्स’ फाइलच्या ६० सेकंदांच्या अंतरानं दोन प्रती घेऊन वजाबाकी केली: यूएसबी २,३८०, यूआर्ट ६१०, शिवाय रीशेड्यूलचे आयपीआय (एका कोअरनं दुसऱ्याला पाठवलेले इंटरप्ट) १,४५०.

यूआर्टचे ६१० लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत. सेन्सर आरएस-४८५ तारेवर मॉडबस आरटीयू ही औद्योगिक सीरियल भाषा बोलतो, वेग ९६०० बॉड. दोन रजिस्टरांचं उत्तर ९ बाइटांचं: पत्ता, फंक्शन, बाइट-संख्या, ४ डेटा, २ सीआरसी (चूक तपासणारे). यूआर्टच्या फिफोचा (आलेले बाइट थोपवणाऱ्या रांगेचा) ट्रिगर १ बाइटवर होता आणि प्रोग्राम दर सेकंदाला सेन्सरला विचारत होता. म्हणजे नुसत्या उत्तराचे सेकंदाला नऊ इंटरप्ट, आणि ९६०० बॉडला दर दोन बाइटांतलं अंतर १.०४ मिलिसेकंद. गव्हर्नरला (झोपेची पायरी निवडणाऱ्या कर्नलच्या भागाला) पुढचा टायमर कधी आहे ते पक्कं माहीत असतं. पुढचा बाइट कधी येईल ते माहीत नसतं. मेन्यू गव्हर्नर मागच्या आठ अंतरांवरून अंदाज बांधतो, पण सेकंदभराच्या शांततेनंतर अचानक नऊ बाइट आले की नमुना जमेपर्यंत उत्तरच संपून जातं. त्यामुळे पहिल्या बाइटांना तो बिनधास्त खोल झोप निवडतो. आत जायला १००० मायक्रोसेकंद, आणि १०४० व्याला पुढचा बाइट दारात. कोअर कॅश रिकामी करून, वीज तोडून खाली जातो आणि तसाच वर येतो. न झोपलेला परवडला. सीपीयू-आयडलमधला ‘अबव्ह’ हा आकडा अशा फसलेल्या झोपा मोजतो. तो दोन नंबरच्या कोअरवर सर्वांत वेगानं वाढत होता.

शिवाय साखळी होती. बाइट आला की दोन नंबर उठणार; टीटीवायचं (सीरियल पोर्टवरचे बाइट प्रोग्रामकडे नेणाऱ्या थराचं) काम कर्नल वर्कर करणार; वाचणारा प्रोग्राम तीन नंबरवर झोपलेला, त्याला आयपीआय जाणार; आकडा पाठवायचा म्हणून मोडेमला हात लागला की एक नंबर उठणार. एका रीडिंगसाठी तीन कोअरांची झोपमोड, तीही वेगवेगळ्या क्षणी. चारही एकदम खाली असण्याची वेळ येणार कधी?

आधी केलेला उपाय आणि तो का अंगलट आला

युनिटनं सुरुवातीला फर्मवेअरमध्ये जाऊन पॉवर कंट्रोलरच्या यादीत १ ते ३ नंबरच्या कोअरांचे सगळे वेकअप मास्क करून टाकले होते. टेबलावर करंट छान उतरला. पुलावर बसवल्यावर दोन तक्रारी सुरू झाल्या. कॅमेऱ्याचा प्रोग्राम अधूनमधून अर्ध्यात लटकायचा, आणि काही वेळा यंत्र आपोआप रीबूट व्हायचं. लॉगमध्ये सॉफ्ट लॉकअपची ओळ: शून्य नंबरचा कोअर २२ सेकंद अडकलेला.

कारण असं. टार्गेट रजिस्टरं तशीच होती; इंटरप्ट जीआयसीत त्या कोअरांसाठी पेंडिंग व्हायचेच, फक्त त्यांना वीज कोणी देत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे आयपीआयही त्याच वाटेनं जातात. शून्य नंबरनं एक नंबरवर थ्रेड (प्रोग्रामचा चालवायचा भाग) ठेवला आणि आयपीआय पाठवला, पण एक नंबर उठलाच नाही, तर तो थ्रेड रांगेत पडून राहतो: हे कॅमेऱ्याचं लटकणं. कर्नलनं ‘सगळ्या कोअरांवर हे फंक्शन चालवा आणि संपेपर्यंत थांबा’ असं म्हटलं, तर मागणारा कोअर उत्तराची वाट पाहत फिरत राहतो: हे लॉकअप. आरसीयूचा (सामाईक डेटासाठी कोअरांचा ताळमेळ ठेवणाऱ्या कर्नलच्या व्यवस्थेचा) इशारा झोपलेल्या कोअरबद्दल येत नाही, कारण आयडल कोअर आरसीयूच्या दृष्टीनं शांतच धरला जातो. म्हणून लॉगमध्ये दोष निर्दोष शून्य नंबरवर येतो आणि शोध भलतीकडे जातो.

अशी अडचण चिपच्या जोडणीतूनही येऊ शकते. एनएक्सपीच्या आय.एमएक्स ८एम क्वाडमध्ये जीआयसीचे वेक-रिक्वेस्ट सिग्नल पॉवर कंट्रोलरपर्यंत जोडलेले नाहीत, त्यामुळे वीज तोडलेला कोअर आयपीआयनं उठत नाही; तिथे एक इंटरप्ट कायम पेंडिंग ठेवून पॉवर कंट्रोलरचा त्या कोअरचा मास्क उघडून त्याला उठवावं लागतं. नवीन चिप हाती घेताना हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा.

दुरुस्ती

पॉवर कंट्रोलरचे मास्क पहिल्यासारखे केले. सीपीयू-आयडलसाठी तिथे हात लावायची गरजच नाही: जे इंटरप्ट जीआयसीत एखाद्या कोअरकडे वळवलेलेच नाहीत, ते त्याची वेकअप लाइन हलवत नाहीत. त्या यादीचं खरं काम पूर्ण सस्पेंडच्या वेळी असतं, जेव्हा कर्नल स्वतःच वेकअप-योग्य नसलेले सगळे इंटरप्ट बंद करतं.

मग वाटणी बदलली. बूट-स्क्रिप्टमधला तो भाग काढला. ‘डीफॉल्ट एसएमपी ॲफिनिटी’ १ केली (हा बिटांचा मास्क आहे; १ म्हणजे फक्त शून्य नंबरचा कोअर), म्हणजे पुढे एखादा ड्रायव्हर नव्यानं इंटरप्ट मागेल तोही शून्य नंबरकडेच जाईल. आधीच्या प्रत्येक इंटरप्टची ‘एसएमपी ॲफिनिटी लिस्ट’ ० केली (इथे थेट कोअरचा नंबर). लिहिलेलं लागू झालं की नाही ते ‘इफेक्टिव्ह ॲफिनिटी’त पाहायचं. लिनक्सचा जीआयसी-४०० ड्रायव्हर मास्कमध्ये चार कोअर दिले तरी एकच निवडतो, त्यामुळे लिहिलेलं आणि घडलेलं वेगळं असू शकतं. लिनक्सशिवाय स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी इथे जास्त जपावं: टार्गेट रजिस्टरमध्ये अनेक बिट लावले तर जीआयसी-४०० त्या सगळ्या कोअरांना कळवतो, पहिला पोचणारा इंटरप्ट घेतो, बाकीचे उठून १०२३ हा रिकामा नंबर वाचतात आणि फुकट जागे होतात. आयआरक्यू-बॅलन्स (इंटरप्ट आपोआप वाटणारा प्रोग्राम) चालू असेल तर तो बंद करावा, नाहीतर केलेलं सगळं थोड्या वेळात पुसलं जातं.

इंटरप्ट हलवले म्हणून काम आपोआप हलत नाही. सेन्सरचा आणि मोडेमचा प्रोग्राम टास्कसेट या कमांडनं शून्य नंबरला बांधला, वर्कक्यूचा (कर्नल वर्करच्या कामांच्या रांगेचा) सीपीयू-मास्क १ केला, टायमर मायग्रेशन (झोपलेल्या कोअरचे टायमर जाग्याकडे नेणं) चालू असल्याची खात्री केली. कॅमेऱ्याचा प्रोग्राम मात्र चारही कोअरांवर मोकळा ठेवला. १ ते ३ कोअर सरळ ऑफलाइन करावेत असाही विचार झाला. दर १५ मिनिटांनी तीन कोअर पुन्हा ऑनलाइन आणण्याचा खर्च आणि त्यातली गुंतागुंत पाहता तो सोडला. बाहेरचे इंटरप्ट वळवलेले असले की आयडल कोअर तसाच गाढ झोपतो.

यूआर्टचा ट्रिगर १ वरून १४ वर नेला. फिफो १६ बाइटांचा. ९ बाइटांचं उत्तर १४ ला पोचतच नाही, म्हणून चार अक्षरांएवढा वेळ शांतता झाल्यावर टाइमआउटचा एकच इंटरप्ट येतो. मॉडबसची चौकट साडेतीन अक्षरांच्या शांततेनं संपते, त्यामुळे हा उशीर चालतो. मात्र हे गणित बॉडवर अवलंबून आहे. १४ नंतर दोन जागा उरतात: ९६०० ला २.०८ मिलिसेकंद, क्लस्टर उठायला ०.७, म्हणजे निभावतं. ११५२०० ला एक बाइट ८७ मायक्रोसेकंदांचा, दोन जागांचे १७४, आणि मोठ्या उत्तराचे बाइट क्लस्टर उठेपर्यंत सांडून जातील. ट्रिगर ८ केला तरी ६९४ मिळतात, ७०० ला पुरत नाहीत. अशा वेळी डीएमए (प्रोसेसरशिवाय बाइट थेट मेमरीत नेणारी सोय) वापरावा, किंवा देवाणघेवाण चालू असेपर्यंत ‘सीपीयू डीएमए लेटन्सी’ ही डिव्हाइस-फाइल उघडून त्यात ३०० लिहावं; फाइल उघडी असेपर्यंत त्याहून हळू उठणारी पायरी निवडली जात नाही. फाइल बंद झाली की विनंतीही संपते, हे विसरून शेल-स्क्रिप्टमधून एका ओळीत लिहिणारे बरेच जण भेटतात.

सेन्सरला विचारणं दर १० सेकंदांवर नेलं. यूएसबीचा ऑटोसस्पेंड (काम नसताना आपोआप झोप) २ सेकंदांवर लावला आणि मोडेमची सिग्नल-चौकशी विरळ केली. बहुतेक बचत या ओळीतल्या कामांनी झाली असं कोणाला वाटेल. पण फक्त एवढंच करून पाहिलं तेव्हा क्लस्टर मिनिटात २१ सेकंदच बंद राहिला. वाटणीही बदलल्यावर ४९.

फ्लोट स्विच

धोक्याच्या पातळीला एक फ्लोट स्विच (पाण्यानं उचलला की लागणारा) आहे, सेन्सर बिघडला तरी इशारा जावा म्हणून. तो एज ट्रिगरवर, म्हणजे सिग्नल बदलण्याच्या क्षणावर, होता. या चिपमध्ये क्लस्टर गाढ झोपला की त्या जीपीआयओ गटाचा (चिपच्या साध्या पिनांच्या गटाचा) क्लॉकही थांबतो, आणि एज ओळखायला क्लॉक लागतो. क्लस्टर आधी झोपतच नव्हता म्हणून दोष कधी दिसला नाही. नीट झोपू लागल्यावर चाचणीत फ्लोट उचलूनही इशारा गेला नाही. झोप सुधारली की असे दडलेले दोष वर येतात, म्हणून झोपेत बदल केल्यावर प्रत्येक वेकअप स्रोत पुन्हा तपासायचा.

स्विच कायम-चालू जीपीआयओ गटावर हलवला आणि लेव्हल ट्रिगर केला, म्हणजे सिग्नलच्या स्थितीवर चालणारा. पाणी वर असेपर्यंत लेव्हल तशीच राहते, तीही तासन्‌तास. हँडलरनं काहीच केलं नाही तर इंटरप्टचा पूर येईल. म्हणून हँडलर इंटरप्ट मास्क करतो, २ सेकंद थांबून लेव्हल पुन्हा वाचतो म्हणजे लाटांनी हललेला फ्लोट गळून पडतो, इशारा पाठवतो आणि मग ट्रिगरची दिशा उलटी करून इंटरप्ट उघडतो. पाणी उतरल्याचीही खबर त्यातून मिळते. स्विचजवळ १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्टर घातला.

तपासणीत करंट ८५ मिलिअँपिअर भरला: १.०२ वॅट, १२७ तास. त्याबरोबर प्रत्येक झोपलेल्या कोअरवर टास्कसेटनं क्षुल्लक कमांड रात्रभर चालवून आयपीआयची वाट पक्की केली, फ्लोट हातानं उचलून स्कोपवर उठण्याचा वेळ पाहिला, आणि क्लस्टर बंद असताना मोडेमवर एसएमएस पाठवून यूएसबीचा रिमोट वेकअप पाहिला.

पुढचा बोर्ड जीआयसीव्ही३ या जीआयसीच्या पुढच्या आवृत्तीचा आहे, तिथे नावं बदलतील. कोअर बंद करण्याआधी रीडिस्ट्रिब्यूटरच्या (जीआयसीच्या त्या कोअरपुरत्या भागाच्या) वेकर रजिस्टरमध्ये प्रोसेसर-स्लीप बिट लावायचा आणि चिल्ड्रन-अस्लीप बिट १ होईपर्यंत थांबायचं. वर आल्यावर प्रोसेसर-स्लीप काढून चिल्ड्रन-अस्लीप ० होईपर्यंत थांबायचं. ही वाट न पाहता वीज तोडली तर त्या क्षणी आलेला इंटरप्ट अधांतरी राहतो. अनेकांतून एक कोअर निवडणारे इंटरप्ट वापरायचे असतील तर जीआयसीच्या वितरक भागाच्या (डिस्ट्रिब्यूटरच्या) कंट्रोल रजिस्टरमधला ई१एनडब्ल्यूएफ बिट ० ठेवावा, म्हणजे झोपलेला कोअर निवडला जात नाही. काही चिपांत तो बिट बदलताच येत नाही, म्हणून लिहून परत वाचायचा. एखादा कोअर या निवडीतून कायमचा बाहेर ठेवायचा तर त्याच्या रीडिस्ट्रिब्यूटरचे डीपीजी बिट आहेत. मुख्य प्रवाहातलं लिनक्स प्रत्येक सामाईक इंटरप्ट एका ठरावीक कोअरकडेच पाठवतं, तेव्हा वरची ॲफिनिटीची कामं तिथेही तशीच करावी लागतील.